सावित्रीच्या खाडीतले करंडक



महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी पोलादपुरात उतरते.
महाडला तिला गांधारी मिळते.
पुढे बाणकोटच्या खाडीतून ती अरबी समुद्राला भेटते.

जाताना ती सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली सिलिका नेते. पाण्यात विरघळलेली, न दिसणारी.

ही सिलिका लागते डायटमला. डायटम म्हणजे एका पेशीचं सूक्ष्म शैवाल. सिलिकेपासून ते स्वतःभोवती काचेसारखं कवच रचतं. कवचाचे भाग दोन, डबी आणि झाकण. म्हणूनच मराठीत ते करंडक शैवाल. किती नेमकं नाव!

पण नुसती सिलिका पुरत नाही.
ऊन हवं. मानवेल इतका खारेपणा हवा.

पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो. पाणी गढूळ होतं, ऊन खोल पोचत नाही. खाडीचा खारेपणा उतरतो. समुद्री शैवालाची वाढ मंदावते.

मग पाऊस ओसरतो. पाणी निवळतं, ऊन आत शिरतं, खारेपणा परततो.
सिलिका, ऊन आणि खारेपणा जुळले, की शैवाल भराभर वाढतं. त्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर मासळीची पिल्लं.

सांडपाण्याने मात्र खाडीत नत्र आणि स्फुरद वाढतं. शैवाल बेसुमार माजतं. ते मेलं, कुजलं, की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

महाड-पोलादपूरकरांनो, सावित्रीत सांडपाणी सोडू नका. ते थेट खाडीत पोचतं.