नाव सांगताना आवाज पडू देऊ नका
(वस्तीतल्या युवक शिबिरातलं भाषण)



रोजगार मेळाव्यात कंपनीच्या टेबलासमोर उभं राहून काय बोलायचं, हे सांगायला मला बोलावलंय. काही जण म्हणतील, हे काय चळवळीचं काम झालं? मी म्हणतो, झालं. तिथं आपली गुणवत्ता तोलली जाते, आणि तागडी कुणाच्या हातात असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज धाडले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी भरली. मुसलमान नावांची गत त्याहून वाईट. माणूस दारात पोचायच्या आधी आडनाव पोचलं होतं! आणि राखीव जागा तर खाजगी कंपनीच्या फाटकाबाहेरच थांबतात.

मग तयारी कशाला? १९१७ साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याच्या नोकरीत गेले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. शिक्षण कमी पडलं म्हणून? तयारीनं जात मरत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. पण तयारी नसली की नाकारणाऱ्याला फुकटचं निमित्त मिळतं. ते निमित्त आपण का द्यायचं?

आता कामाचं बोलू. टेबलावर तुम्हाला एखादं मिनिट मिळतं. त्यात चार गोष्टी सांगा : पूर्ण नाव, शिक्षण, हाताला येणारं काम आणि हवं असलेलं काम. नाव आडनावासकट, खणखणीत. ‘काहीपण काम चालेल साहेब’ हे वाक्य आजपासून बंद. त्याऐवजी म्हणा, ‘मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. पॅनेल वायरिंग करतो, मोटार रिवाइंड करतो. मेंटेनन्सचं काम पाहिजे.’ आपली बोली लपवू नका. न-णचा फरक झाला म्हणून वायरिंग चुकत नाही.

कंपन्यांची यादी आधी मिळवा. कुठली कंपनी काय बनवते, ते विचारून ठेवा. बायोडाट्याच्या दहा प्रती न्या. मूळ सर्टिफिकेट दाखवा, पण ताब्यात देऊ नका. नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं, तर उठून या.

‘घरची पार्श्वभूमी काय?’ हा प्रश्न येणारच. मला एका टेबलावर आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली आळी! मी म्हणालो, ‘साहेब, मशीन आळीत बसवायचंय का कारखान्यात?’ तुम्ही असंच बोला असं नाही. पण उत्तर घरून ठरवून जा. ‘वडील सफाई कामगार, आई धुणीभांडी करते, त्यांनी मला शिकवलं.’ एवढंच, मान वर करून. ज्यांच्या घामावर आपण शिकलो त्यांची लाज धरायची, तर ते शिक्षण काय चाटायचंय?

आणि आपणही विचारायचं. काम कायम की कंत्राटी? नेमणुकीच्या कागदावर नाव कंपनीचं की ठेकेदाराचं? हातात पगार किती? प्रॉव्हिडंट फंड कापता का? विचारणारा माणूस उर्मट नसतो. तो भीक मागायला आलेला नाही, श्रम विकायला आलाय. भाव विचारणारच.

ही तयारी एकट्यानं आरशासमोर करू नका. संध्याकाळी विहारात बसा. एकानं साहेब व्हायचं, एकानं उमेदवार, बाकीच्यांनी चुका काढायच्या. पोरींना आधी बोलू द्या. आणि मेळाव्याहून परत आलात की वहीत लिहा : कुठल्या टेबलावर काय विचारलं, कुणाला घेतलं, कुणाला कशावरून परत धाडलं. एकट्याचा अपमान घरी नेला की तो नशीब होतो. पन्नास जणांचा वहीत लिहिला की पुरावा होतो. खाजगी क्षेत्रात राखीव जागा मागायला उद्या आपल्याला हा पुरावा लागणार आहे.

तेव्हा वही आजच घ्या. पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव लिहा आणि इथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचा.

जयभीम!