भंगार विका, पण जाळू नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या भावाच्या सभेत हा माणूस भंगाराचं काय काढून बसला, असं तुम्हाला वाटेल. पण घरी गेल्यावर गोठ्यात डोकावून पाहा. बंद पडलेला मोबाईल, जुना टीव्ही, चार्जरच्या वायरी आणि फवारणी पंपाची उतरलेली बॅटरी, यातलं काहीतरी सापडेलच. असा इलेक्ट्रॉनिक कचरा २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन निघाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

मी शेतकी शिकलेला माणूस, म्हणून मातीचं सांगतो. पुष्कळ पंपांच्या बॅटरीत शिसं असतं. शेणखत कुजतं, युरिया विरतो. शिसं कुजतही नाही, विरतही नाही. आपली काळी चिकण माती त्याला वरच्या थरातच धरून ठेवते. मुळांवाटे पिकात ते थोडंच चढतं, पण धुळीबरोबर कडब्यावर बसतं, पोरांच्या हाताला लागून पोटात जातं आणि त्यांच्या मेंदूवर घाला घालतं. फुटकी बॅटरी चाटलेला बैल आंधळा होतो, दात खातो, झटके येऊन मरतो. आपण म्हणतो, पान लागलं असेल!

तांब्यासाठी वायर जाळली तर धुरातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं. ते चाऱ्यावर बसतं, चाऱ्यातून दुधात उतरतं. उत्तर प्रदेशात मुरादाबादला सर्किटच्या पट्ट्या जाळून तांबं काढलं आणि ती काळी राख रामगंगेच्या काठी टाकली. नदीची माती नासली.

दोष एकट्या भंगारवाल्याचा नाही, त्यालाही पोट आहे. कंपनीचा माल गावोगाव पोचतो. जुना माल परत न्यायला मात्र कुणी फिरकत नाही. वास्तविक २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावरच टाकली आहे, ई-कचऱ्याची आणि बॅटरीचीही. माल त्यांचा, नफा त्यांचा आणि विष आमच्या वावरात, हा कुठला न्याय?

म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. जुना माल तालुक्याच्या गावी गोळा करण्याची सोय व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. तोवर बॅटरी फोडू नका. गुरं आणि पोरं यांच्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवा.

सरकारकडे मागण्या पुष्कळ आहेत, त्या मागूच. पण वायर जाळणारी काडी आपल्याच हातात आहे. ती ओढायची नाही, एवढं आज ठरवून घरी जा.