पाठटाचण हेही श्रमच
(माझगाव येथे शिक्षकांपुढे केलेल्या भाषणातून)

पाठटाचण तपासनिसासाठी नसते, मुलासाठी असते. लांबीचे माप शिकवायचे आहे? येथल्याच गोदीत बांधलेली, २०२१ साली नौदलात दाखल झालेली ‘विशाखापट्टणम’ ही युद्धनौका १६३ मीटर लांब आहे. मुलांना आपला वर्ग मोजू द्या. असे किती वर्ग तिच्या लांबीत बसतील, ते त्यांनाच काढू द्या. अखेरीस कोणाला जमले नाही, हे पाहून उद्याचे टाचण करा.

याला वेळ लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीही धरली आहे. ते तास माहितीचे तक्ते भरण्यात गेले, तर शिकवणी न परवडणाऱ्या कामगाराचेच मूल मागे पडते. म्हणून तयारीचा वेळ मागणे ही सवलतीची याचना नव्हे. ती त्या मुलाच्या हक्काची मागणी आहे.