अध्यक्षीय भाषण : दोस्तीचे तह आणि वऱ्हाड

वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, ज्यात घाटंजी, पांढरकवडा, यवतमाळ, दारव्हा ही गावे येतात, गेल्या तीन शतकांत अनेकदा एका सत्तेकडून दुसरीकडे गेला. लढाया झाल्या, पण मालकी फिरली ती तहनाम्यांनी. आणि हे तहनामे बहुतेक वेळा एका दोस्ताने दुसऱ्या दोस्तासमोर ठेवलेले होते. राज्याराज्यांतील युती आणि वैर यांनी आधुनिक इतिहास कसा घडवला, हे पाहण्यासाठी व्हिएन्ना किंवा व्हर्सायपर्यंत जाण्याचे कारण नाही. वऱ्हाडाचे दप्तर त्यासाठी पुरेसे आहे.

1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये तो जवळजवळ स्वतंत्र झाला. मराठ्यांचा चौथाईचा हक्क मात्र कायम होता. भोसले घराण्यातील कान्होजींचे ठाणे यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे होते. पुढे त्याच घराण्यातील रघूजींनी त्यांना कैद करून सत्ता आपल्याकडे घेतली. वऱ्हाडात निजामाचा आणि भोसल्यांचा असा दुहेरी अंमल चालला. त्याला दोअमली म्हणत. पाटलाच्या दारात दोन सरकारांचे वसूलदार येत, आणि दोन्ही सरकारांचे बिनसले की मधल्या मधे रयत भरडली जाई.

1795 मध्ये खर्ड्याला मराठे एकत्र आले आणि निजाम हरला. त्याने इंग्रजांकडे मदत मागितली होती, पण गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर यांनी तटस्थ राहणे पसंत केले. मग निजामाने रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालची फौज वाढवली. तिकडे युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध पेटलेले होते. 1798 मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून आलेल्या वेलस्लीला हैदराबादेत फ्रेंच कवायती फौज असणे मुळीच परवडणारे नव्हते. त्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरच्या तहानंतर ती फौज मोडली गेली आणि तिच्या जागी इंग्रजांची तैनाती फौज आली. 1800 च्या तहात तिच्या खर्चापोटी निजामाने म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला आपला वाटा इंग्रजांना देऊन टाकला. संरक्षणाची किंमत जमिनीत चुकवायची, हा पायंडा इथे पडला.

31 डिसेंबर 1802 रोजी पेशवा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्याविरुद्ध शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले एकत्र आले. होळकर बाजूला राहिले. मराठ्यांकडे सैन्य होते, तोफा होत्या, पैसाही होता. नव्हता तो परस्परांवरचा भरवसा, आणि भरवशाशिवाय केलेली युती शत्रूपेक्षा एकमेकांवरच अधिक नजर ठेवते. 1803 मध्ये 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला अडगाव आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडल्यावर 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. रघूजींनी कटकचा प्रांत इंग्रजांना दिला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही सोडला. हा मुलूख इंग्रजांनी स्वतःकडे न ठेवता निजामाला दिला. मित्राच्या मोठेपणाची ही भेट होती. ती परत घेण्याची वेळ पुढे यायची होती. नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडे राहिले, ते 1822 च्या व्यवस्थेत निजामाकडे गेले आणि वर्धा नदी ही सरहद्द पक्की झाली.

मधल्या काळात या भागाने पेशवाईचा जवळजवळ अखेरचा अंकही पाहिला. नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरचे भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली होती. आप्पासाहेब भोसल्यांच्या आशेवर बाजीराव चांद्याकडे निघाला, पण वर्धेचे उतार इंग्रजांनी रोखून धरले होते. ज्या आप्पासाहेबांची आशा होती, ते मार्च 1818 मध्येच इंग्रजांच्या अटकेत गेलेले. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याच्या परिसरात शिवणी येथे कर्नल अॅडम्सने पेशव्याची फौज गाठली आणि उधळून लावली. तोफा गेल्या, बाजीराव मात्र निसटला. 3 जूनला तो इंग्रज अधिकारी मालकमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला 8 लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला.

निजामाच्या वाट्याला पराभव आला नाही, कर्ज आले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभी राहिलेली हैदराबाद कंटिन्जंट ही फौज 1800 च्या तहात कुठेही नव्हती. तरी तिचा खर्च निजामानेच सोसावा असा आग्रह होता. थकबाकी साठत गेली आणि 1853 मध्ये लॉर्ड डलहौसीच्या काळात वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर हे मुलूख त्या खर्चासाठी इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. 1857 मध्ये हैदराबाद इंग्रजांशी इमानाने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून 1860 मध्ये 50 लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. सालारजंग या दिवाणाने ते परत मागण्यात हयात घालवली. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले. 1918 मध्ये निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला, 1936 मध्ये त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’. किताब हैदराबादेत, वऱ्हाड नागपूरच्या कारभारात! हरलेल्या भोसल्यांनी हा मुलूख एकदा गमावला. जिंकणाऱ्यांच्या बाजूने राहिलेल्या निजामाने तो मिळवून गमावला.

इंग्रजांना हा मुलूख हवासा वाटे त्याचे मोठे कारण काळ्या जमिनीत होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता तो भाव आला. आगगाडी 1867 मध्ये नागपूरला पोचली तोवर ते युद्ध संपून भाव कोसळलेही होते. तेजीत घेतलेले सावकाराचे कर्ज मात्र भावाबरोबर खाली आले नाही.

पुढे जपान हा आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक झाला. 1893 मध्ये टाटा आणि जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई–कोबे वाहतूक सुरू करून पी. अँड ओ. कंपनीच्या मक्तेदारीला शह दिला. जपानी कापड मात्र लँकेशायरला आणि मुंबईच्या गिरण्यांना सलू लागले. 1933 मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली आणि जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. कापडाच्या भांडणात खरा फटका बसला तो सरकी-रुई विकणाऱ्यांना. 1934 च्या कराराने कापड आणि कापूस यांची थेट सांगड घातली : जपानने 10 लाख गाठी उचलल्या तर त्याला 32.5 कोटी वार कापड पाठवता येईल, 15 लाख उचलल्या तर 40 कोटी. गावच्या जिनात बांधलेली गाठ अशी आंतरराष्ट्रीय वाटाघाटीचे एकक झाली. 1941 मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि ही बाजारपेठ बंद पडली.

1947 मध्ये निजामाने वऱ्हाडावरचा जुना हक्क पुन्हा पुढे केला. त्याच वर्षी 8 ऑगस्टला अकोला करार झाला, त्यात मराठी पुढारी आपल्याच मुलखांविषयी आपसात बोलत होते. 1853 आणि 1902 च्या बैठकांत वऱ्हाडी माणसाला जागाच नव्हती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे असतानाच निजामाने शरणागती पत्करली आणि पैनगंगेची सरहद्द देशांतर्गत झाली. 1953 चा नागपूर करार, 1956 ची द्विभाषिक व्यवस्था आणि 1960 चा महाराष्ट्र ही पुढची वाटचाल सर्वांच्या परिचयाची आहे.

बाजारभावाची दोरी मात्र आजही दूरच्या हातांत असते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लादले. कापड उद्योगाला आधार म्हणून भारताने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत माफ केले. यवतमाळ जिल्ह्यातली वेचणी आणि विक्री याच महिन्यांत येते. मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर झालेला असताना बिनशुल्क परदेशी गाठी बंदरात उतरत होत्या.