परक्याला मिळालेले पद



परदेशातून आलेला एखादा माणूस मंत्री वा राजदूत झाला, की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक पक्ष म्हणतो, पाहा, येथे सर्वांना दारे खुली आहेत. दुसरा म्हणतो, एकाला खुर्ची दिल्याने काय बदलते? या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातील कार्ल शुर्ट्स यांचे चरित्र आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

शुर्ट्स यांचा जन्म १८२९ साली जर्मनीत, कलोनजवळच्या लिब्लार गावी झाला. १८४८ची क्रांती झाली तेव्हा ते बॉन येथे विद्यार्थी होते. पुढील वर्षी क्रांतिकारकांचा राश्टाटचा किल्ला प्रशियन सैन्याच्या हाती पडला, तेव्हा ते गटारातून निसटले. १८५० मध्ये आपले गुरू गोटफ्रीड किंकेल यांना त्यांनी श्पांडाउच्या तुरुंगातून सोडविले. १८५२ साली ते अमेरिकेस पोहोचले आणि वर्तमानपत्रे वाचून इंग्रजी शिकले. अवघ्या नऊ वर्षांनी, १८६१ मध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी त्यांना स्पेनमध्ये राजदूत नेमले. राजसत्तेविरुद्ध शस्त्र धरलेला बंडखोर राणी इसाबेला यांच्या दरबारी प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला!

हे केवळ वक्तृत्वाचे फळ होते काय? नव्हे. विस्कॉन्सिन, मिसूरी, इलिनॉय या राज्यांत जर्मन शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मोठी वस्ती होती. ती मते रिपब्लिकन पक्षाला हवी होती. परंतु त्याच पक्षात परकीयांचा द्वेष करणारेही होते. १८५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात, नागरिकत्व मिळाल्यावरही दोन वर्षे परकीयांना मतदान करू देऊ नये, अशी घटनादुरुस्ती पुढे आली. बोस्टनमध्ये जाऊन शुर्ट्स यांनी तिच्यावर कठोर टीका केली. गुलामाचे स्वातंत्र्य मागायचे आणि स्थलांतरिताचे हक्क कापायचे, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत, हा त्यांचा आशय होता. १८६०च्या शिकागो अधिवेशनात नागरिकत्वाच्या हक्कांचे रक्षण करणारे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात आले, त्यातही त्यांचा वाटा होता. म्हणजे पद हे बक्षीस नव्हते. संघटित लोकशक्तीने मिळविलेले ते स्थान होते.

त्या स्थानाचा त्यांनी उपयोग काय केला? माद्रिदमधून सप्टेंबर १८६१ मध्ये त्यांनी आपल्या सरकारला कळविले की, हे युद्ध गुलामगिरीविरुद्ध आहे असे स्पष्ट केले, तर युरोपातील सरकारांना दक्षिणेची बाजू घेणे अशक्य होईल. मग पद सोडून ते परतले आणि सैन्यात दाखल झाले. युद्धानंतर, १८६५ मध्ये, दक्षिणेचा दौरा करून त्यांनी अहवाल लिहिला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. मळेवाल्यांना सक्तीवाचून श्रम ही कल्पनाच मानवत नाही, हे त्यांनी नेमके टिपले. एका मालकाची मालमत्ता नसलेल्या मुक्त निग्रोला आता साऱ्या समाजाचा गुलाम मानले जात आहे, असे सांगून त्यांनी त्याच्या मताधिकाराची शिफारस केली. अध्यक्ष जॉन्सन यांना हा अहवाल रुचला नाही.

येथेच कथा संपली असती तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. १८६९ मध्ये शुर्ट्स मिसूरीतून सिनेटवर गेले. जर्मनीत जन्मलेले ते पहिले सिनेटर. पण कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आवर घालण्यासाठी १८७१ मध्ये कायदा आला, तेव्हा केंद्राच्या अतिरिक्त अधिकारांचे कारण सांगून त्यांनी त्यास विरोध केला. स्वच्छ प्रशासन आणि दक्षिणेशी सलोखा ही त्यांची नवी ध्येये झाली. ध्येये वाईट नव्हती. परंतु सलोख्याची किंमत काळ्या मजुरांनी मोजली.

१८७७ ते १८८१ ते अंतर्गत कारभाराचे मंत्री होते. याच काळात पोंका जमातीला तिच्या भूमीवरून दूर हलविण्यात आले. अन्याय झाला हे मान्य करूनही, त्यांना सरसकट परत जाऊ देण्यास शुर्ट्स यांनी नकार दिला. स्वतः देशोधडीला लागलेल्या माणसाने दुसऱ्या देशोधडीला लागलेल्यांची वाट अडवावी, याहून मोठी विसंगती कोणती? वार्धक्यात मात्र फिलिपाइन्स गिळंकृत करण्याच्या धोरणाविरुद्ध ते निर्भयपणे उभे राहिले, जरी त्यांच्या युक्तिवादात उष्ण कटिबंधातील लोकांविषयीचे वांशिक पूर्वग्रह होतेच. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रहो, या माणसाला मी ना देव्हाऱ्यात बसवू इच्छितो, ना आरोपीच्या पिंजऱ्यात. जोवर त्यांच्यामागे वंचितांची चळवळ होती आणि त्यांचे कान तिच्याकडे होते, तोवर त्यांच्या पदाला अर्थ होता. चळवळ मागे पडली आणि राहिला तो एक कर्तबगार गृहस्थ. परक्या म्हणून हिणवलेल्या माणसाला पद मिळाले पाहिजे. त्यासाठी आपण लढलेच पाहिजे. पण ते मिळाल्या दिवशी कार्यकर्त्याचे काम संपत नाही. आत गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार उघडे धरले आहे काय, हे त्या दिवसापासून रोज विचारावयाचे असते.