मेडलवरचं नाव कुणाचं?

 

मागच्या दिवाळीत माळा आवरताना आईला माझं एक मेडल सापडलं. बीटेकच्या सेकंड इयरला निबंध स्पर्धेत मिळालेलं, विषय होता मराठवाड्यातलं पाणी. मेडलवर 'कै.' आणि पुढे एका सरांचं नाव. आईनं विचारलं, "हे कोण रे?"

मला सांगता येईना. स्टेजवर फोटो काढला होता, पाकिटातल्या पाचशे रुपयांची मित्रांसोबत पावभाजी खाल्ली होती, लिंक्डइनवर 'अवॉर्ड्स'मध्ये टाकलं होतं. तेही स्पेलिंग चुकवून. आठ वर्षांत ते नाव कुणाचं हे एकदाही बघितलं नाही.

त्या लाजेपोटी शोधायला बसलो की असली स्मृती-पारितोषिकं मिळाल्यावर पूर्वीची पोरं पुढे काय करायची. त्यात पां. वा. काणे सापडले. हो, भारतरत्नवाले, १९६३. स्पर्धा परीक्षावाल्यांना नाव पाठ असेल, माणूस माहीत असेलच असं नाही. मलाही नव्हता.

काणे १८८० चे, चिपळूणजवळचे, शाळा दापोलीला. मुंबईत बी. ए. झाले तेव्हा संस्कृतसाठी भाऊ दाजी पारितोषिक मिळालं. म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड, जे १८७४ मध्येच वारले होते. एम. ए. ला वेदान्ताचं झाला पारितोषिक. इथपर्यंत हुशार मुलाची नेहमीची गोष्ट आहे, पटकन पुढे जाऊ.

मला अडकवलं ते तिसऱ्या बक्षिसानं. १९०५-०६ च्या सुमारास काणे रत्नागिरीला शाळेत शिक्षक होते. वय पंचविशी, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण पहिली नोकरी बदलायचा विचार करतात ते वय. नोकरी सांभाळून त्यांनी विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी निबंध लिहिले. एक महाकाव्यांतल्या चालीरीती आणि नीतीवर, दुसरा अलंकारशास्त्राच्या इतिहासावर. त्यासाठी मिळालं वि. ना. मंडलिक सुवर्णपदक.

हे मंडलिक कोण? रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, १८३३ ते १८८९. दापोलीजवळच्या मुरुडचे, मुंबई हायकोर्टाचे नामांकित वकील. कोर्टात तेव्हा वाटणी, वारसा, दत्तक यांचे हिंदू पक्षकारांचे खटले जुन्या संस्कृत ग्रंथांच्या आधारानं चालायचे, आणि मुंबई इलाख्यात त्यातला एक वजनदार ग्रंथ होता 'व्यवहारमयूख'. मंडलिकांनी १८८० मध्ये तो इंग्रजी भाषांतरासह छापला. म्हणजे काणे जन्मले त्याच वर्षी!

आता ऐका, इथे आपला पैठण येतो. हा ग्रंथ लिहिणारा नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातला, काशीचा. पण त्याचं घराणं मूळचं पैठणचं. त्याचा पणजा रामेश्वर भट्ट पैठण सोडून काशीला गेला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. आपण पैठणला काय बघायला जातो? नाथांचा वाडा, जायकवाडी आणि येताना पैठणी. हे घराणं मला तरी कुणी दाखवलं नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आमचं गाव मिलिंद कॉलेजचं आहे. धर्मशास्त्र म्हटलं की इथे भुवया वर जातात, आणि बरोबरच आहे. या ग्रंथांनी कुणाला काय नाकारलं हे इथे कुणाला शिकवायला नको. मयूखात बहिणीला वारसांच्या क्रमात इतर ग्रंथांपेक्षा बराच वरचा नंबर आहे हे वाचून मला आश्चर्य वाटलं. पण त्यानं सगळा हिशोब फिटत नाही.

परत काण्यांकडे. ते पुढे वकील झाले आणि त्यांनीही 'व्यवहारमयूख' संपादायला घेतला. मंडलिकांचाच ग्रंथ, ज्यांच्या नावाचं पदक घरात होतं. त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक छोटी प्रस्तावना जोडावी असं त्यांच्या मनात होतं. ती प्रस्तावना काही आटपेना. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'स्कोप वाढला' म्हणतो आणि क्लायंटला नवीन बिल लावतो. काण्यांचा स्कोप असा वाढला की 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चा पहिला खंड १९३० ला आला आणि पाचवा १९६२ ला संपला. साडेसहा हजारांच्या आसपास पानं. पोटातल्या अल्सरचं दुखणं जन्मभर सोबतीला. तो अलंकारशास्त्राचा निबंधही पडून राहिला नाही. तोच विषय वाढून संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासाचं वेगळं पुस्तक झालं.

पदकामुळे हे सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण मंडलिक कोण होते आणि त्यांचं काम कुठवर आलं होतं, हे त्या माणसाला माहीत होतं. मी माझा निबंध सबमिट केला आणि फाईल डिलीट केली. आता तर तुम्ही प्रॉम्प्ट टाकून दोन मिनिटांत निबंध काढता, तुमच्याकडे डिलीट करायलाही काही नसतं. रागावू नका, मीही ऑफिसचे मेल तसेच लिहितो.

तर मेडलवरचे सर. कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. (नाव इथे घेत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.) ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर हायड्रॉलिक्स शिकवायचे. थांबा." आणि त्यांनी कपाटातून एक वही काढून दिली. नहर-ए-अंबरीवर, मराठीत, हातानं लिहिलेली: मातीच्या नळांचे व्यास, चढ-उतार, पेन्सिलीनं काढलेले नकाशे. मलिक अंबरनं या शहराला पाणी कसं आणलं, ते सरांनी चालत जाऊन मोजलेलं. मी पाण्यावर निबंध लिहिला तेव्हा ही वही दोन मजले खाली होती.

मॅडमच्या परवानगीनं फोटो काढून आणलेत. रोज रात्री थोडं टाइप करतो. सतरा पानं झाली. नवव्या पानावर हर्सूलच्या बाजूचं एक माप आहे, आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही. रविवारी सकाळी टेप घेऊन जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर मेसेज टाका. पाणी आणि टोपी आपापली आणा.