चाकांवरचा पादचारी

आज माझ्या कामातला विषय, आणि माझीच एक चूक.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटल्ससाठी मेडिकल कोडिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. हे कोडिंग म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे हां, माझ्या आईला अजूनही दोन्ही एकच वाटतं. डॉक्टरांची नोट वाचून प्रत्येक आजाराला, दुखापतीला ठरलेला कोड द्यायचा आणि त्यावर बिल पाठवायचं. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून यासाठी आयसीडी-१०-सीएम वापरतात. मनगट मोडलं याचा एक कोड, आणि कशामुळे मोडलं याचा वेगळा.

तर एक नोट आली. पेशंटचं नाव-गाव आम्हाला दिसत नाही. पहिल्या ओळीत, इन-लाइन स्केट्सवरून पडला, उजवं मनगट फ्रॅक्चर. चार ओळी खाली, पार्किंग लॉटमध्ये रिव्हर्स येणाऱ्या कारने धडक दिली.

माझ्या प्रोग्रामने 'स्केट' आणि 'पडला' एवढंच पाहिलं आणि व्ही००.१११ लावून टाकला. म्हणजे स्केट्सवरून पडणं, बस. आमच्या सीनिअर कोडर मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं, "अरे, गाडी कुठे गेली?"

कोडच्या पुस्तकात तिथेच खाली सूचना आहे की वाहनाशी टक्कर असेल तर इथे थांबू नका, व्ही०१ ते व्ही०९ मध्ये जा. मी ती वाचलीच नव्हती. आणि गंमत बघा, त्या भागात स्केटर हा पादचारी धरतात! पायाला चाकं असली तरी. सायकलवाल्याला मात्र स्वतःचा वेगळा विभाग. व्ही०२ म्हणजे दुचाकी-तीनचाकीची धडक, व्ही०३ कार किंवा व्हॅनची, व्ही०४ ट्रक-बसची. पॉइंटनंतरचा पहिला आकडा जागेचा, ० म्हणजे सार्वजनिक रस्त्याबाहेर, १ म्हणजे रस्त्यावर. पुढचा १ म्हणजे स्केट्सवर. मग जागा भरायला एक्स, आणि उपचार चालू आहेत म्हणून ए. झाला व्ही०३.०१एक्सए. डॉक्टरांनी 'पार्किंग लॉट' हे दोन शब्द लिहिले नसते तर नियमाप्रमाणे अपघात रस्त्यावरचाच मानला असता, व्ही०३.११.

मी म्हटलं, मॅडम, कारणाचे कोड तर देशभर सक्तीचे नाहीत, राज्याने किंवा विमा कंपनीने मागितले तरच. त्यांनी क्लेमचा फॉर्म उघडला. रकाना १० मध्ये सरळ प्रश्न आहे, हा वाहन अपघात आहे का? तिथे 'हो' आणि आमच्या कोडमध्ये नुसतं पडणं. मग खर्च गाडीच्या विम्याने द्यायचा की आरोग्य विम्याने, यावर पत्रापत्री. आणि मनगटाला प्लास्टर घातलेला माणूस ती पत्रं वाचत बसणार. शिवाय जखमींच्या आकडेवारीत तो स्वतःच पडलेला. रिव्हर्स घेणारा ड्रायव्हर कुठेच नाही.

मी नियम बदलला. आता नोटमध्ये कुठेही वाहन दिसलं की सॉफ्टवेअर स्वतः कोड लावत नाही, कोडरला विचारतं. धडक झाली का, कशाची, कुठे? उत्तर नोटमध्ये नसेल तर डॉक्टरांना क्वेरी जाते.

चार दिवसांनी मॅडमनी दुसरी नोट पाठवली. कार अंगावर येतेय असं वाटून स्केटर बाजूला वळला आणि पडला. कार लागलीच नाही. धडकच नाही, तर व्ही०३ कसा लावणार? आणि पडणं एवढंच लिहिलं तर गाडी पुन्हा गायब. क्वेरी पाठवून काय विचारायचं, यावर आमचं अजून एकमत नाही.